मांडीवरच्या मुलाचे 20 द्राख्मा

(अथेन्स, इ.स.पू. 408–407. अक्रोपोलिसवरच्या एरेख्थिऑन देवळाच्या कामावर असलेल्या एका परदेशी मूर्तिकाराने तिथल्याच एका गुलाम कारागिराला लिहिलेलं हे पत्र कल्पित आहे. द्राख्मा म्हणजे तिथलं चांदीचं नाणं. मजुरी आणि दर मात्र त्या कामाच्या दगडात कोरलेल्या हिशेबांतले.)

गड्या,

तुझं नाव घालून लिहायचं मनात होतं. पण नाव घातलं की तुझ्या मालकाला कळणार, त्याच्या माणसाने सात संध्याकाळी दुसऱ्याच्या दगडावर हात चालवला. मग तो त्या सात संध्याकाळींची मजुरी मागत माझ्या दारात उभा राहणार. तुझ्या दिवसाचा द्राख्मा तर तो घेतोच. म्हणून नाव नाही. पूर्वेकडच्या सहा खांबांवर पन्हळी पाडणारे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत; ज्याला कळायचं त्याला कळेल.

मुलगी गेली तेव्हा माझं काम अर्धं झालं होतं. ताप आला, चौथ्या दिवशी सगळं संपलं. सूर्य उगवायच्या आत तिला घेऊन गेलो. वसंतातल्या अँथेस्टेरियाच्या सणाला तिला फुलांचा मुकुट आणि इवलीशी सुरई मिळाली होती. ती सुरई सोबत ठेवली. सुतकात वर देवळाच्या आवारात पाऊल टाकता येईना. तसं आमच्या कामाचं तेवढं बरं असतं, आकृत्या खालीच घडवायच्या आणि नंतर वर नेऊन एल्युसिसच्या काळ्या दगडावर लोखंडी खिळ्यांनी बसवायच्या. म्हणजे घरी बसूनही छिन्नी चालवता आली असती. फक्त माझ्या वाट्याला आलं होतं ते शिल्प म्हणजे बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर मूल.

बाई झाली होती. मुलाच्या जागी नुसता गोळा.

देखरेखीवरचे साहेब आले. वाईट माणूस नाही, पण शहराचा पैसा म्हणजे जणू स्वतःच्या घरचा. या लोकांचं तुला ठाऊकच आहे. काम पुन्हा सुरू करताना त्यांनी अख्ख्या देवळाची पाहणी करून एकेक दगड लिहून काढला: हा चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट जाड, अजून बसवलेला नाही, हा घासलेला नाही, खांबांना पन्हळी नाहीत. माझ्याकडेही ते तसंच बघत होते. दाराबाहेर सुतकाचं पाण्याचं भांडं दिसलं, तेव्हा दोन शब्द बोलले. मग म्हणाले, मजुरीच्या हप्त्याला नऊच दिवस उरलेत. एका आकृतीचे 60. शेजारच्या कारागिराला बाई आणि तिला बिलगलेली मुलगी, दोन्हींचे मिळून 80 ठरले होते, मलाही तोच दर. म्हणजे मुलाचे 20. मूल नाही तर 20 नाहीत, आणि अर्धवट शिल्पाचे 60 तरी कशाला द्यायचे?

त्यात त्यांचं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

तू त्याच संध्याकाळी आलास. दिवसभर खांबाला टेकून उभ्या खाचा खोदलेल्या, केसांत पांढरी भुकटी तशीच. कोणी सांगितलं तुला, विचारलं नाही मी. तू काही समजूत घातली नाहीस. माझी दातेरी छिन्नी उचललीस, धार अंगठ्यावर पाहिलीस आणि बसलास. तुला रोजच्या कामात वरून खाली सरळ रेघच मारायची असते. मांसल पाठ, पोटरीचा गोलवा तू कुठे शिकलास? पहिल्या दोन संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून होतो, नुसता टकटक आवाज ऐकत.

तिसऱ्या दिवशी तू एवढंच विचारलंस, ‘कुठल्या हाताने धरायची?’

मी म्हणालो, डाव्या.

बाईच्या खांद्यावरच्या कापडात तू ती मूठ कोरलीस. चार बोटं कापडात रुतलेली, अंगठा बाहेर. तिचा अंगठा असाच बाहेर राहायचा, हे मी तुला सांगितलं नव्हतं. सगळीच मुलं तशी धरत असतील. मग मी उठलो. नाक्सोसच्या कुरुंदाची पूड आणि पाणी घेऊन ती मूठ मीच घासली, बाकीचं तू करत राहिलास. चेहराही शेवटी मीच केला. तो तिचा नाही. तिचा मला जमला नसता.

साहेबांनी मुठीवर बोट ठेवून सांगितलं, फार पुढे आलीय, वर नेताना तुटेल. मी म्हटलं, तुटली तर माझे पैसे कापा. तुटली नाही.

हिशेबाच्या दगडावर इथला नागरिक, माझ्यासारखा वर्षाला बारा द्राख्मा कर भरून राहणारा परका आणि तू, तिघांचा रोज सारखाच, एक द्राख्मा. त्या दगडावर तुझं मालकाने ठेवलेलं नाव आहे. आईने ठेवलेलं तू मला पाचव्या रात्री सांगितलंस. माझ्या बायकोला ते नीट म्हणता येत नाही, पण ती रोज म्हणून बघते.

80 मोजून मिळाले. 60 घरात लागले. उरलेले 20 तू घेतले नाहीस, मालकाच्या हाती लागतील म्हणालास. ते कोनाड्यात तेलाच्या बुधलीमागे फडक्यात बांधून ठेवलेत. मी वर कामावर असलो तरी चालेल, घरी ये आणि बायकोकडे माग. तिला जागा माहीत आहे.