गोट्याच्या डॉक्टर मॅडमना

सप्रेम नमस्कार मॅडम,

तुमच्या फीचे पैसे देऊन झाले, पण आभार मानायचे राहिलेत.

त्या संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षाने कसेबसे नौपाड्यात तुमच्याकडे पोहोचलो, तेव्हा आमचा बोका गोट्या तोंड उघडून श्वास घेत होता. मला वाटलं, तुम्ही त्याला लगेच टेबलावर घ्याल. तुम्ही बास्केटमधून काढलंसुद्धा नाहीत. जाळीशी ऑक्सिजनची नळी धरलीत, दिवा बंद केलात, रडणाऱ्या माझ्या लेकीला हळूच बाहेर बसवलंत. घाबरलं की मांजर जोरात श्वास ओढतं आणि अरुंद वाट आणखीच मिटते, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

त्याआधी दोन महिने सर्दी समजून अँटिबायोटिक चालू होतं, दुसरीकडचं. नाक वाहायचं थांबे, औषध संपलं की पुन्हा तेच. तुम्ही मात्र आधी नुसतं ऐकलंत. मग विचारलंत, "झोपेत घोरतो का? आवाज बदललाय का?" हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. घोरल्यासारखा आवाज आला तर अडथळा नाकाच्या मागे, टाळूच्या वर. शिट्टीसारखा आला तर स्वरयंत्रापाशी, हे मी तुमच्याकडून शिकले.

भूल देऊन मऊ टाळू हुकाने पुढे ओढली, तर मागे पॉलिप, म्हणजे मांसल गाठ. चिमट्यात धरून हळूहळू ओढत देठासकट काढलात. ट्रेमध्ये ठेवलेली ती द्राक्षाएवढी गुलाबी गाठ मी अजून विसरलेले नाही. एवढीशी गोष्ट माझ्या बाळाचा श्वास अडवून बसली होती! तिचं मूळ मधल्या कानात असतं, तरुण मांजरांत ती होते आणि ती कॅन्सरची नसते, हे ऐकल्यावर पायांत बळ आलं. पुन्हा वाढू शकते, तशी वाढली तर कानाखालचं हाड उघडून ऑपरेशन करावं लागेल, हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणूनच तुमच्यावर विश्वास बसला. स्टिरॉइडच्या गोळ्या तुम्ही लिहून दिल्यात तशाच, एकही न चुकवता, कमी करत आणल्या.

काल सुकट भाजायला घेतली. गॅस लावून मिनिटही झालं नसेल, गोट्या आतल्या खोलीतून धावत आला आणि ओट्याखाली म्याव म्याव सुरू. दोन महिन्यांत त्याला कशाचाच वास आला नव्हता, मॅडम.

तुमची ऋणी,
गोट्याची आई