लायसन्स कोणाचं आणि कुठपर्यंत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एक जाहिरात होती. ‘सहा दिवसांत कॉस्मेटॉलॉजिस्ट व्हा, अमेरिकेत चालणारं लायसन्स मिळवा.’ कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणजे केस, त्वचा, नखं सजवायचं काम करणारी. मी सांगलीत चोवीस वर्षं पार्लर चालवते. माझ्याकडे काम शिकणारी एक मुलगी मंगळवारी ते कात्रण घेऊन आली. फीला पैसे कमी पडत होते, तिच्या आईनं बांगडी मोडायचं ठरवलं होतं. मी तिला समोर बसवून जे सांगितलं, तेच आपल्या वाचकांपुढे मांडावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

‘अमेरिकेत चालणारं’ असं एकच लायसन्स मुळात नसतं. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि लायसन्सही वेगळं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणून काम करते. तिचं लायसन्स राज्य सरकारच्या बार्बरिंग अँड कॉस्मेटॉलॉजी बोर्डानं दिलेलं आहे. उद्या टेक्सासला बिऱ्हाड हलवलं, तर तिथे काम सुरू करण्याआधी तिला पुन्हा अर्ज करावा लागेल. कोणत्याही देशातला खासगी क्लास फार तर प्रमाणपत्र देऊ शकतो. लायसन्स म्हणजे सरकारनं दिलेला परवाना, तो क्लासवाल्यांच्या हातात नसतो.

तो मिळवण्यासाठी भाचीनं काय केलं, तेही सांगते. कॅलिफोर्नियात पूर्वी 1600 तासांचं शिक्षण लागायचं, 2022 पासून ते 1000 तासांवर आणलं. मान्यताप्राप्त शाळेत आठवड्याला पस्तीस तास धरले तरी सात महिने जातात. त्यातले निदान 100 तास आरोग्य आणि सुरक्षिततेचे, आणखी 100 तास फक्त निर्जंतुकीकरणाचे. पुढे सरकारी लेखी परीक्षा. ही परीक्षा इंग्रजीशिवाय स्पॅनिश, व्हिएतनामी, कोरियन भाषांतही देता येते. बाहेरून आलेल्या बायका या धंद्यात किती आहेत हे तिथल्या सरकारनं ओळखलंय, याचं मला फार बरं वाटलं. लायसन्स दर दोन वर्षांनी नव्यानं करून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं.

मागच्या वर्षी मी दोन महिने भाचीकडे होते. तिच्या खुर्चीशेजारी निळ्या पाण्याची, म्हणजे जंतुनाशकाची, उंच बरणी असते. कंगवा, कात्री आधी साबणानं धुवायची आणि मग त्या पाण्यात पूर्ण बुडवायची. अर्धी बाहेर राहिली तर चालत नाही. बाहेर काढून कोरडी केली की झाकणाच्या डब्यात, डब्यावर ‘स्वच्छ’ अशी चिठ्ठी. वापरलेल्या वस्तूंचा डबा निराळा, त्यावरही चिठ्ठी. एकदा तिच्या हातून कंगवा खाली पडला. तिनं तो वापरलेल्यांच्या डब्यात टाकला आणि दुसरा घेतला. समोरच्या बाईंचं लक्षही नव्हतं. मी मात्र बघतच राहिले.

या लायसन्सवर करता काय येतं? केस, त्वचा, नखं ही तिन्ही कामं. केस कापणं, धुणं, रंगवणं, कुरळे किंवा सरळ करणं, क्लीनअप, फेशियल, मसाज, वॅक्सिंग, पापण्या-भुवयांचं काम, मॅनिक्युअर, पेडिक्युअर. जिला फक्त त्वचेचं काम करायचंय तिला 600 तासांचं वेगळं लायसन्स मिळतं, फक्त नखांचं 400 तासांचं. वस्तऱ्यानं दाढी करणं बार्बरच्या लायसन्सखाली येतं. विजेच्या सुईनं केस मुळापासून काढण्याचं लायसन्स आणखी वेगळं.

आणि काय करता येत नाही? मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथल्या नियमानं रेषा थेट कातडीतच आखली आहे. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. कॉस्मेटॉलॉजिस्टचा हात तिथपर्यंत. त्याखालच्या जिवंत थरापर्यंत पोहोचणारं क्रीम, आम्ल, मशीन तिला वापरता येत नाही. त्वचेत सुई घालायची नाही, म्हणजे मायक्रोनीडलिंग नाही. स्नायू आकसतील असा विजेचा झटका द्यायचा नाही. लेझर नाही. पायाची जाड कातडी ब्लेडनं तासायची नाही. आपल्याकडे पेडिक्युअरमध्ये हे ब्लेड सर्रास चालतं. मीही अनेक वर्षं चालवलं, परत आल्यावर बंद केलं.

मी तिथे असतानाच एक बाई भाचीकडे मानेवरचा तीळ काढून घ्यायला आल्या होत्या. जास्त पैसे द्यायला तयार होत्या. भाचीनं तीळ जवळून पाहिला आणि म्हणाली, ‘हा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मला हात लावता येणार नाही.’ हे काय असेल, असं त्यांनी विचारलं, तर त्याचंही उत्तर दिलं नाही. बाई गेल्यावर मला म्हणाली, ‘मावशी, निदान करणंसुद्धा माझ्या लायसन्सबाहेर आहे.’

आता आपल्या गावाकडे वळते. दिवाळीच्या आधी एक कॉलेजची मुलगी ओढणीनं तोंड झाकून माझ्याकडे आली. कुठल्याशा पार्लरमध्ये तिला पील केलं होतं, म्हणजे आम्ल लावून चेहऱ्याच्या कातडीचा वरचा थर काढला होता. पील करणारीचा कोर्स आठवड्याचा, बाटलीवर आम्लाचं प्रमाण लिहिलेलं नाही. दोन्ही गाल तपकिरी पडून सोलले होते. तिला माझ्याकडून फेशियल हवं होतं, डाग झाकायला. मी चेहऱ्याला बोट लावलं नाही, रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ती एकच विचारत होती, ‘काकू, लग्नापर्यंत जाईल ना?’ त्या पार्लरच्या भिंतीवर प्रमाणपत्रांच्या चार फ्रेम होत्या, असंही तीच म्हणाली.

आमच्या धंद्याला शॉप अ‍ॅक्टची, म्हणजे दुकानांच्या कायद्याखालची, नोंद लागते. थोडीच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना दिली की झालं. त्यात दुकानाची माहिती असते. हात किती शिकलेला आहे, हे कोणी विचारत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा सरकारी कोर्स आहे. त्या मुलीला मी तिकडेच पाठवते आहे. पण तो कोर्स केलेली आणि सहा दिवसांच्या क्लासची, दोघी उद्या एकाच गल्लीत सारखीच पाटी लावू शकतात.

सगळं तिथल्यासारखंच करा, असं माझं म्हणणं नाही. तिथेही कायद्यानं अति केलेलं आहे आणि ते नेमकं आपल्या थ्रेडिंगच्या, म्हणजे दोऱ्यानं केस काढण्याच्या, बाबतीत. टेक्सासमध्ये नुसतं थ्रेडिंग करायलाही 750 तासांचं शिक्षण मागत होते. आशिष पटेल आणि त्यांच्यासारखं काम करणारे काही जण कोर्टात गेले. 2015 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं, सहा विरुद्ध तीन मतांनी, ही सक्ती राज्याच्या घटनेत बसत नाही असा निकाल दिला. त्या तासांतला मोठा भाग थ्रेडिंगच्या उपयोगाचाच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं थ्रेडिंग लायसन्समधून वगळलंच आहे. मी हे काम शेजारच्या वहिनींकडून शिकले, दोऱ्याचं एक टोक दातात धरून, स्वतःच्या पायावरच्या केसांवर हात बसवत. ज्या बाईला तेवढंच काम येतं आणि त्यावर घर चालतं, तिच्यावर हजार तासांचं ओझं टाकायला माझा ठाम विरोध राहील. ज्या कामात आम्ल, ब्लेड, सुई किंवा मशीन कातडीला लागतं, तिथे मात्र सरकारनं रेषा आखून द्यायलाच हवी.

आपल्याकडे दोन विनंत्या. जाहिरातीत ‘लायसन्स’ शब्द आला, तर तो परवाना कोणत्या सरकारचं कोणतं खातं देतं हे छापल्याशिवाय जाहिरात घेऊ नये. आणि आयटीआयच्या या कोर्सची माहिती, प्रवेशाच्या तारखांसह, दहावीच्या निकालाच्या आठवड्यात एकदा ठळक छापावी. आमच्या कितीतरी मुलींना तो आहे हेच ठाऊक नाही.

मी माझ्या पार्लरमध्ये दरपत्रकाशेजारी एक कागद लावला आहे. ‘इथे या गोष्टी केल्या जात नाहीत’ असं वर लिहून खाली तीळ-चामखीळ काढणं, स्ट्राँग पील, सुईचं काम, लेझर, पायाला ब्लेड अशी नावं लिहिली आहेत. त्याची एक प्रत सोबत पाठवत आहे.

आपली नियमित वाचक,
एक पार्लर व्यावसायिक, सांगली