बॉक्सवर २०० अँपिअर, प्लग १६ चा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : थ्री-इन-वन वेल्डिंग व प्लाझ्मा कटिंग मशीन चुकीची माहिती देऊन विकल्याबद्दल, मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणेबाबत

महोदय/महोदया,

रॉड वेल्डिंग, टिग (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात केलेलं वेल्डिंग) आणि प्लाझ्मा कटिंग (विजेने तापवलेल्या हवेच्या झोताने धातू कापणं) अशी तिन्ही कामं करणारं आपल्या कंपनीचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन मी घेतलं आहे. घेण्याआधी आपल्या विक्री विभागाला ईमेलवर सगळं कळवलं होतं. घरात २३० व्होल्टचा, १६ अँपिअरचा प्लग आहे. काम हौसेचं : २ ते ६ मिमी जाडीचं लोखंड, अँगल, चौकोनी पाईप, टेबलाचे सांगाडे, जाळीची दारं, कधीमधी अ‍ॅल्युमिनियम. हवेसाठी २४ लिटर टाकीचा छोटा कंप्रेसर. यावर काय चालेल, एवढाच प्रश्न होता. ‘हेच मॉडेल घ्या, सगळं होईल,’ असं उत्तर आलं. तो पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

मशीन बिघडलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण आपल्या सेवा केंद्राकडून दर वेळी ‘चेक केलं, ओके आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. ओके असेलही. पण जे होईल म्हणून विकलं, ते या प्लगवर होणारच नव्हतं आणि प्लग कोणता आहे हे आपल्याला आधीपासून माहीत होतं.

हिशेब अवघड नाही. रॉड वेल्डिंगमध्ये २०० अँपिअरला आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोताचं, व्होल्टेज २८ धरतात. म्हणजे मशीनमधून ५.६ किलोवॅट बाहेर पडणार. मशीनमधला तोटा धरला की लाईनमधून साडेसहा किलोवॅट तरी ओढले जाणार. १६ अँपिअरचा प्लग जेमतेम ३.७ किलोवॅट देतो. त्यात साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टरही (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामी येणारा वाटा) कमी असतो, त्यामुळे लाईनवरचे अँपिअर आणखी वाढतात. सगळं जमेस धरलं तर अशा प्लगवर सलग काम होतं ते ९० अँपिअरच्या आसपास. त्यापुढे नॉब फिरवला की थोड्याच वेळात एमसीबी (करंट जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच) पडतो. सेवा केंद्राने यावर ‘मोठा एमसीबी टाकून घ्या’ असा सल्ला दिला. भिंतीतली वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करायचा म्हणजे वायर तापली तरी तिला वाचवणारं कोणी उरणार नाही. असा सल्ला फोनवरसुद्धा कुणाला देऊ नये.

आता बॉक्सकडे वळते. बॉक्सवर ‘२०० अँपिअर’ आणि ‘ड्यूटी सायकल ६०%’ हे दोन आकडे ठळक अक्षरांत शेजारीशेजारी छापले आहेत. मशीनच्या मागच्या बाजूला, पंख्याच्या खाली, बारीक अक्षरांतली पट्टी आहे. तिच्यावर लिहिलंय : २०० अँपिअरला २०%, ११५ अँपिअरला ६०%, ८९ अँपिअरला १००%. ड्यूटी सायकल म्हणजे दर दहा मिनिटांपैकी किती वेळ काम करता येतं, त्याची टक्केवारी. म्हणजे २०० वर दोन मिनिटं काम आणि आठ मिनिटं थंड होत बसणं. बॉक्सवरचे दोन्ही आकडे एकेकटे खरे, पण एकाच वेळी कधीच खरे नाहीत. पट्टीवरचे आकडे किती तापमानाला मोजले, तेही कुठे दिलेलं नाही. मानक ४० अंशांचं आहे. त्यापेक्षा थंड खोलीत मोजलं तर टक्केवारी आपोआप छान दिसते.

खरं सांगायचं तर ९० अँपिअरमध्ये २.५ मिमीचा रॉड उत्तम चालतो आणि माझ्या कामातलं बरंचसं त्या रॉडवर होतं. मग मला १४० किंवा १६० अँपिअरचा साधा, प्रामाणिक रॉड इन्व्हर्टर का सुचवला नाही? पातळ पत्रा जास्त असेल तर गॅसशिवाय फ्लक्स-कोअर वायरवर (आत फ्लक्सची पूड भरलेली वायर) चालणारं छोटं मिग, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन, सुचवता आलं असतं, फक्त त्याला पोलॅरिटी (प्लस-मायनस) बदलायची सोय हवी. कापायला ग्राइंडर आणि १ मिमीची डिस्क. प्लाझ्मा नंतर, योग्य कंप्रेसर आल्यावर. पण तीन कामांचं एक मशीन विकायला सोपं असतं. त्यातला एक बोर्ड गेला की तिन्ही कामं एकदम बंद पडतात, हे विकताना कोण सांगणार?

प्लाझ्माबद्दल जरा जास्त लिहावं लागेल. बॉक्सवर ‘१२ मिमी कट’ आहे. तो ४० अँपिअरवरचा, कडेपासून सुरू केलेला आणि कसाबसा तुटणारा कट. स्वच्छ कट कितीचा आणि मधूनच भोक पाडून सुरुवात करायची तर जाडी किती, हे दोन आकडे कुठेच नाहीत. भोक पाडायचं तर साधारण निम्मीच जाडी धरावी लागते. शिवाय ४० अँपिअरलाही माझा प्लग पुरत नाही, कारण प्लाझ्माचा आर्क शंभराच्या आसपास व्होल्टवर चालतो आणि एकट्या आर्कलाच जवळपास ४ किलोवॅट लागतात.

हवेचं तर विचारूच नका. ‘कोणत्याही कंप्रेसरवर चालते’ असं माहितीपत्रक म्हणतं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मात्र ५ बार दाबाला मिनिटाला १६० लिटर हवा मागितली आहे. २४ लिटरची टाकी ८ बारवरून ५ बारवर उतरेपर्यंत ७२ लिटर हवा देते. मोटर मधे भर घालत असते, तरी एक-दीड मिनिटात दाब पडतो आणि कट अर्ध्यात फाटतो. कंप्रेसरची टाकी मी आधीच कळवली होती. हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर सोबत नाही. तो हवाच, असंही कुठे लिहिलेलं नाही. ओल्या हवेने टॉर्चमधल्या इलेक्ट्रोडच्या टोकातला हाफनियम धातू झिजून खड्डा पडला, नोझलचं भोक वाकडं झालं. त्यावर ‘कन्झ्युमेबल्स (झिजणारे सुटे भाग) वॉरंटीत येत नाहीत’ हे वाक्य मात्र लगेच ऐकायला मिळालं.

‘पायलट आर्क आहे,’ म्हणजे पत्र्याचा आधार न घेता टॉर्चमध्येच पेटणारा सुरुवातीचा आर्क आहे, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. नाही. रंग किंवा गंज असलेल्या पत्र्यावर आर्क धरत नाही, आणि जाळी कापताना प्रत्येक मोकळ्या जागेत विझतो. सुरुवात हाय फ्रिक्वेन्सीने होते, त्यामुळे बटण दाबलं की शेजारच्या खोलीतला संगणक अडखळतो. हेही पुस्तिकेत नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल ‘टिगवर होईल’ असं उत्तर होतं. मशीन फक्त डीसी आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. तो थर फोडायला एसी लागतो. हे वेल्डिंगचं पहिल्या इयत्तेतलं ज्ञान आहे आणि ते आपल्या सल्लागाराकडे नसेल तर त्याने सल्ला देऊ नये.

माहितीपत्रकावरचा फोटोही कृपया बदला. त्यात एक माणूस साधा काळा गॉगल लावून, हातमोजे न घालता, गॅल्व्हनाइज्ड पाईप वेल्ड करताना दाखवला आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं; तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. आर्कसाठी दहा-अकरा शेडची (काळेपणाचा क्रमांक) काच लागते, गॉगल नव्हे. प्लाझ्मा टॉर्चवर आर्क नसताना अडीचशे-तीनशे व्होल्ट असू शकतात, तरी अर्थिंगबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे. घरी शिकणारा माणूस फोटो बघूनच शिकतो.

माझी मागणी अशी : मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि त्यात मी वेगळे विकत घेतलेले नोझल व इलेक्ट्रोड यांचे पैसेही धरावेत. बदली मशीन मला नको. मागच्या पट्टीवरचा तक्ता, प्लगवरून मिळणारा खरा करंट आणि हवेची गरज हे सगळं बॉक्सच्या दर्शनी बाजूला छापणार की नाही, याचंही लेखी उत्तर हवं. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर याच कागदांसह ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन.

बिल, ईमेल, बॉक्सचे व मागच्या पट्टीचे फोटो सोबत जोडले आहेत. मशीन, दोन्ही टॉर्च आणि केबल मूळ बॉक्समध्ये भरून ठेवल्या आहेत. न्यायला माणूस पाठवण्याआधी एक दिवस कळवावे. झिजलेले नोझलही त्यातच एका पिशवीत आहेत, तपासायचे असतील तर तपासा.

आपली,
एक ग्राहक