मुठीतली मिनर्व्हा

महोदय,

मुलीकडे ब्रिटनला गेले असताना तिथल्या एका छोट्या संग्रहालयात रोमन काळातली एक वस्तू पाहिली. रोमन मुलं लाकडी पाटीवर मेणाचा थर देऊन त्यावर टोकदार लेखणीने अक्षरं कोरत. ओळ-दोन ओळी चुकल्या तर लेखणीच्या चपट्या टोकाने मेण सारखं करत. अख्खी पाटी नव्याने करायची तर मात्र लोखंडी उलथनं लागे. हे तेच उलथनं. पातं गंजून कुरतडलेलं, पण काशाची मूठ शाबूत. मूठ म्हणजे विद्येची आणि कारागिरीची देवी मिनर्व्हा. डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर झिजलेला मेड्यूसाचा, म्हणजे पुराणकथेतल्या केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचा, चेहरा.

खाली चिठ्ठी होती, 'शोभेची मूठ'. मला ते मुळीच पटलं नाही. १९ मार्चला मिनर्व्हाचा क्विन्क्वात्रुस हा सण सुरू होई. तेव्हा शाळेला सुट्टी असे आणि गुरुजींना दक्षिणा मिळे; तिला नावच 'मिनर्व्हाल'. जिच्या नावाने शिकायचं, तिला हातात धरूनच जुनं पुसायचं आणि पाटी कोरी करायची. याला निव्वळ शोभा कसं म्हणावं? दसऱ्याला पाटीवर एक-एक आकड्यांची सरस्वती काढून तिच्यावर झेंडूची फुलं वाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्या मुलांच्या पुरवणीत अशा वस्तूंवर, आणि सोबत आपल्या बोरू-दौतीवरही, सचित्र लेखमाला सुरू करावी, ही मनापासून विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा