मनूचं धावणं आणि तुमची तपासणी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की आई भाजीच्या भावावर येते आणि बाबा फोन तिच्याकडे देऊन अंगणात जातात, म्हणून लिहून पाठवते आहे. जेवणं आटोपली की निवांत वाचा.

मनूला शाळेच्या ॲथलेटिक्समध्ये घातलंय. आठशे मीटर धावते. बूट आणून झाले, सकाळची प्रॅक्टिसही सुरू झाली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुम्ही नको म्हटल्यावर माझ्याच्यानं पुढचं पाऊल पडलं नसतं. रागावू नका. तिचा आणि माझा ईसीजी नि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला आणि मगच हो म्हटलं. दोघींचाही चांगला आला. आपल्या छोटूच्या हृदयात जो दोष होता तो वाढत्या वयात उशिराही दिसू शकतो, म्हणून तिची तपासणी दरवर्षी होणार आणि माझी तीन ते पाच वर्षांनी. धावताना चक्कर आली किंवा छातीत धडधडलं तर तिथंच थांबायचं, हे तिला सांगितलंय, तिच्या सरांनाही सांगितलंय. पोरीला घरात बसवून ठेवलं असतं तर मला झोप लागली असती, पण तिचं काय? मैदान दिसलं की तिचे पाय थांबत नाहीत. हे कुणाचं आहे ते मी काय सांगू तुम्हाला.

दिवाळीत आले होते तेव्हा कपाटातल्या फाइलमधून छोटूच्या पोस्टमॉर्टेम रिपोर्टचा फोटो काढून आणला होता. इथल्या डॉक्टरांनी तो नीट वाचला. त्यात हृदयाचा स्नायू जाड झाल्याची एक ओळ आहे. तेव्हा ती आपल्याला कुणी उलगडून सांगितली नाही, ‘हार्ट फेल’ एवढंच कानावर आलं. त्या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. हृदयाची भिंत जाड होत जाते, आणि जोर पडला की कधीकधी ठोके असे काही विस्कटतात की रक्त पुढे ढकललंच जात नाही. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो. कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, छोटूसारखाच.

आई, त्या सकाळी तो नुसतं केळं खाऊन गेला म्हणून असं झालं, हे तू इतकी वर्षं मनात धरून बसली आहेस. पोटभर खाऊन गेला असता तरी ती भिंत तेवढीच जाड असती. बाबा, तुम्हीही. पहाटे साडेचारला तुम्ही त्याला उठवत होता, पण उठवायला सांगायचा कोण? “बाबा, हाक मारा बरं, नाहीतर मी झोपून राहीन,” असं रात्री तोच म्हणायचा. रेशीमबागेच्या मैदानावर तुम्ही स्टॉपवॉच धरून उभे असायचे तेव्हा तो दोन सेकंद लवकर पोचायचा आणि मग दिवसभर घरात त्याच दोन सेकंदांची गोष्ट चालायची. त्याचं सुखच ते होतं.

आणि मे महिन्यातली ती चक्कर. नागपूरच्या मे महिन्यात पोरगं मैदानावरून चक्कर येऊन परतलं तर कोणत्याही घरात ऊन लागलं असंच म्हणतील. तू त्याला पन्हं दिलंस, तळव्यांना कांद्याचा रस चोळलास, दुसऱ्या दिवशी ट्रॅकपँटच्या खिशात कांदा घालून पाठवलंस. तो कांदा कॉलेजच्या पोरांना दाखवून आला होता, “माझ्या आईचं औषध” म्हणून. ४५ अंशांच्या उन्हात ही चक्कर निराळी आहे हे कुणाला कळणार होतं?

कॅमेरूनचा फुटबॉलपटू फोए २००३ साली फ्रान्समध्ये चालू मॅचमध्ये कोसळला आणि गेला. आंतरराष्ट्रीय खेळाडू, भोवती डॉक्टरांचा ताफा. शवविच्छेदनात त्याच्याही हृदयाचा स्नायू जाड निघाला. जे त्यांच्या लक्षात आलं नाही ते आपल्याला स्वयंपाकघरात बसून कसं कळलं असतं?

आता जरा जपून सांगायची गोष्ट. हा आजार बहुतेक वेळा घराण्यातून येतो. आईवडिलांपैकी एकात तो जनुकीय दोष असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. कधी तो मुलात नव्यानंही होतो, त्यामुळे तुमच्यापैकी कुणात असेलच असं नाही. असला तरी तो तुमचा दोष नाही, हे मला शंभरदा लिहायचं आहे. छोटूचं नाक बाबांचं होतं आणि हट्ट तुझा, तसंच हे. कुणी निवडून देत नाही. पण बाबा, जिना चढताना तुम्ही मधे थांबता आणि जुनी कॅलेंडरं बघितल्यासारखं करता, ते मी पाहिलंय. आई, तुला अधूनमधून “घाबरल्यासारखं” होतं ते दरवेळी पित्त नसतं.

म्हणून धंतोलीत तुम्हा दोघांच्या टूडी इकोची वेळ घेतली आहे. पुढच्या गुरुवारी, सकाळी दहा. पैसे भरून झालेत, तेव्हा रद्द करायचं नाही. सुई नाही, उपाशी राहायचं नाही, भरती व्हायचं नाही. डाव्या कुशीवर निजायचं, छातीवर गार जेली लावून यंत्र फिरवतात, अर्ध्यापाऊण तासात मोकळे. आई, लेडी टेक्निशियन आहे, मी विचारून ठेवलं आहे. पुढून उघडणारा ब्लाउज घाल आणि शाल घे, आत एसी असतो. लिफ्ट आहे. बुधवारी रात्री मी पोचते, ऑटोत तुमच्यासोबत मीच असणार. परतताना तर्रीपोहे खाऊ, पण बाबांच्या पोह्यांवर तर्री नावालाच.

युरो कपच्या मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन पडला तेव्हा, २०२१ च्या जूनमध्ये, बाबा टीव्ही बंद करून गच्चीवर गेले होते. पुढचं तुम्ही पाहिलं नाही. तो वाचला. लगेच छाती दाबली, मैदानावरच विजेचा झटका देणारं यंत्र लावलं, आणि नंतर छातीत एक उपकरण बसवून तो पुन्हा खेळायला लागला. २०२४ च्या युरोत त्यानं गोलही केला. छोटू पडला तेव्हा पोरांनी पाणी शिंपडलं, तळवे चोळले, त्याला उचलून पळाली. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी जिवाच्या आकांतानं केलं. मी आता शिकून आले आहे. तुम्हालाही उशीवर दाखवणार आहे: छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि १०८ ला फोन. तुम्ही दोघंच असता घरात, दोघांनाही यायला हवं.

तोवर बाबांनी सिलिंडर उचलायचा नाही. बीपीची गोळी स्वतःच्या मनानं अर्धी करायची नाही. रामटेकला जायचंच असेल तर गाडीनं वरपर्यंत, पायऱ्या नकोत. आई, छोटूच्या तिथीचा उपास या वर्षी फळं-दूध घेऊन कर, निर्जळी नको. त्याला आवडलं नसतं, तुला ठाऊक आहे.

रविवारी मनू फोन करेल. आठशेला किती वेळ लागतो ते बाबांना सांगायचंय तिला, आणि शेवटच्या वळणावर हात कसे ठेवायचे हे विचारायचंय. मला ते सांगता येत नाही. बाबा, फोन आईकडे देऊ नका.

ती फाइल आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या आजच पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
ताई