आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: पाटी लागली, क्लिनिक कुठंय?

मा. आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. मागच्या वर्षी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनाला, तुम्ही स्टेजवरून सांगितलं होतं की मोठ्या सरकारी दवाखान्यांत मेमरी क्लिनिक, म्हणजे विसराळूपणा तपासायचा वेगळा विभाग, सुरू करणार. ते ऐकून मला रडू आलं होतं, वाटलं आता कुणीतरी आपलं ऐकेल. गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन गेले तर दारावर पाटी आहे, आत फायलींचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या. विचारलं तर म्हणे पोस्टच मंजूर नाही अजून.

बाबांना डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार, अल्झायमर त्याचाच एक प्रकार. तरी घरात हिंडायचे फिरायचे, नाव आठवलं नाही तरी मला बघून हसायचे. एका रात्रीत सगळं पालटलं. भिंतीवर माणसं दिसायला लागली, मला चोर समजून ढकललं. डिमेन्शिया असा रातोरात वाढत नाही, अचानक झालं तर बहुतेक वेळा आत इन्फेक्शन, एखादं औषध किंवा अंगातलं पाणी कमी होणं असं काहीतरी कारण असतं, त्याला डिलिरियम म्हणतात आणि ती इमर्जन्सी असते. हे मला माहितीये कारण मी रात्र रात्र वाचत बसलीये. दवाखान्यात नेलं तर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वय झालंय, असंच होणार." बाबा ओरडायला लागले म्हणून त्यांचे हात कॉटला बांधले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. मी पाया पडले तेव्हा दुसऱ्या दिवशी लघवी तपासली. इन्फेक्शन निघालं.

ते बरं झालं, बाबा नाही झाले. आता घास तोंडात धरून बसतात, गिळायचं सुचत नाही. मनगटावर वळ आहेत. आणि मला रात्री अंगाला हात लावू देत नाहीत कारण त्यांना वाटतं मी पण बांधणार.

माझी नोकरी गेली, पाठ गेली, दिवस मावळला की त्यांची अस्वस्थता वाढते म्हणून संध्याकाळ नको वाटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरचा माणूस सरासरी रोज ५ तास सांभाळतो आणि सांभाळण्याच्या तासांतले ७० टक्के तास बायकांचे असतात. ५ तास? आमच्या घरी या, मी २४ तास दाखवते. तुमच्याच खात्यातल्या एका साहेबांनी मला ऐकवलं, आईबाप सांभाळणं मुलांचं कर्तव्य आहे, सरकार काय काय करणार. कर्तव्य मी करतेच आहे हो, तुमचं कुठंय?

जगात ५ कोटींच्या वर लोकांना हा आजार आहे, दरवर्षी जवळपास १ कोटी नवे. २०१७ साली जगातल्या देशांनी मिळून कृती आराखडा मंजूर केला, २०२५ पर्यंत ७५ टक्के देशांकडे स्वतःचं डिमेन्शिया धोरण पाहिजे असं ठरलं. २०२५ आलं, माझ्या बाबांपर्यंत काय पोचलं?

आणि हे सगळं नशिबाचं नाही हो, त्याचाच जास्त राग येतो. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने, लॅन्सेट कमिशनने, २०२४ मध्ये १४ गोष्टी सांगितल्या, कमी ऐकू येणं, बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, सिगरेट, दारू, एकटेपणा, डोक्याला मार, प्रदूषित हवा, कमी दिसणं वगैरे, यांच्याकडे आयुष्यभर नीट लक्ष दिलं तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतात. बाबांना पन्नाशीतच कमी ऐकू यायचं. टीव्हीचा आवाज वाढवत गेले, लोकांत बसणं बंद झालं, कुणी म्हणालं नाही कान तपासा. कानाचं यंत्र दिलं असतं तर आजार झालाच नसता असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण विचारायला सुद्धा कुणी नसावं? काही लोकांचा विसराळूपणा बी-१२ कमी, थायरॉइड किंवा डिप्रेशनमुळे असतो, उपचाराने सुधारू शकतो. ती माणसं पण "वय झालंय" ऐकून घरी जात असतील.

मशीन आलं की तुम्ही फीत कापायला येता, फोटो निघतात. पण म्हाताऱ्या माणसाजवळ बसून अर्धा तास बोलणारी नर्स मशीनमधून निघत नाही, तिला पगार द्यावा लागतो आणि तिथे सगळ्या सरकारांचा हात आखडतो, तुमच्या आधीचे होते त्यांचाही. मतदानाला मात्र याच म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून उचलून नेतात.

मला काय पाहिजे ते सांगते. क्लिनिकची पोस्ट भरा. वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सना डिलिरियम ओळखायला शिकवा. पेशंटला बांधायचं असेल तर कारण लिहून सही करायला लावा. पन्नाशीनंतर कान, डोळे, बीपी, शुगर फुकट तपासा. आणि आमच्यासारख्यांना महिन्यातून दोन दिवस बाबांना विश्वासाने सोडता येईल अशी जागा द्या, मला झोपायचंय.

उत्तर लेखी पाहिजे, त्यात क्लिनिक उघडायची तारीख पाहिजे आणि त्या तारखेला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचं नाव पाहिजे.

एका पेशंटची मुलगी