लंडनहून आजोबांना

लंडन, रविवार

तीर्थस्वरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या बीटल्सच्या पोरांचं एवढं काय आहे गं?" तेवढ्यात आईने तुम्हाला जेवायला हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. काल त्यांचा 'अ हार्ड डेज नाइट' मोठ्या पडद्यावर पाहिला, म्हणून आता निवांत लिहिते.

सिनेमा १९६४ चा, कृष्णधवल. सिनेमा कंपनीला खरा रस गाण्यांच्या रेकॉर्डमध्ये होता, त्यामुळे पैसा थोडा आणि घाई फार. मार्चमध्ये शूटिंग सुरू झालं आणि ६ जुलैला लंडनमध्ये पहिला खेळ! जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो हे बीटल्सचे चौघं गाणारे-वाजवणारे, काही नट नव्हते. म्हणून लेखक अ‍ॅलन ओवेन त्यांच्यासोबत डब्लिनला जाऊन राहिले, त्यांची बोलण्याची ढब कानात साठवली आणि प्रत्येकाला छोटी छोटी वाक्यं दिली. म्हणूनच ती पोरं गप्पा मारतायत असंच वाटतं.

गोष्ट एवढीशीच. टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी चौघं आगगाडीने लंडनला येतात, सोबत पॉलचे आजोबा, आणि सगळ्या भानगडी हे आजोबाच लावतात. जो तो म्हणतो, "किती स्वच्छ आहेत हे!" आणि थिएटर हसतं. मला काही कळेना. शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं, की ते काम करणारे विलफ्रिड ब्रँबेल तेव्हा टीव्हीवरच्या एका गलिच्छ भंगारवाल्या म्हाताऱ्यामुळे घरोघरी माहीत होते.

हेच आजोबा रिंगोचे कान भरतात, की तुझी इथे कुणाला किंमत नाही. तो बिचारा निघून जातो आणि नदीकाठी एकटाच फिरतो. शाळा बुडवलेला एक मुलगा भेटतो, दोघं थोडं बोलतात, बस. मला सगळ्यात आवडलं ते हेच. रिंगो त्या सकाळी रात्रभर जागून थेट शूटिंगला आला होता, चेहऱ्यावरचा तो थकवा खराच आहे.

आज मेरिलबोन स्टेशनजवळच्या बॉस्टन प्लेसला जाऊन आले. अरुंद रस्ता, एका बाजूला स्टेशनची उंच विटांची भिंत. सिनेमाच्या सुरुवातीला इथेच ते पळतात. जॉर्ज पडतो, त्याच्यावर रिंगो पडतो, जॉन मागे वळून हसतो. पडणं ठरलेलं नव्हतं, पण लेस्टर या दिग्दर्शकाने तसंच ठेवलं. मी तिथे बराच वेळ उभी होते.

आणि आजोबा, त्याआधीचा तो एक झणत्कार! जॉर्जची बारा तारांची गिटार आणि तिच्यासोबत आणखी वाद्यं, सगळी एकदम. त्यात नेमके कोणते स्वर आहेत यावर गणिताच्या प्राध्यापकांनीसुद्धा डोकं लावलंय. मला तर तुम्ही सतारीची जवारी लावून झाल्यावर खालच्या सगळ्या तरफांच्या तारांवरून एकदा बोट फिरवता, त्याचीच आठवण झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या सिनेमाच्या सेटवर या जॉर्जच्या हाती पहिल्यांदा सतार आली, आणि १९६६ साली तो रविशंकरांकडे शिकायला मुंबईला आला.

दादाला सांगून ती सुरुवात मोबाइलवर लावून घ्या, इयरफोन मात्र घालाच. ऐकून झाल्यावर कोणकोणते स्वर सापडले ते लिहून पाठवा. मी वाट बघतेय.

आजीला नमस्कार.

तुमची नात,
सई